दगड शिजवणारी चूल

फार फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हा दुकानांवर पाट्याच नव्हत्या. मग गिऱ्हाइकाला कळायचं कसं, कोण काय विकतंय? तर एका राज्याच्या बाजारात त्याची मोठी गमतीदार रीत होती. भिवबा नावाचा दवंडीवाला वेशीवर उभा राहायचा आणि प्रत्येक विक्रेत्याची एकच ओळ ओरडायचा. दिवस उगवताना एकदा, उन्हं कलताना एकदा. ओळ मात्र एका दमात संपली पाहिजे.

दुसरा नियम जरा कडक होता. लागोपाठ तीन बाजार ज्याचा माल विकला जाणार नाही, त्याने आपली जागा सोडायची.

गोजरा कुंभारीण त्या बाजारात नवी होती. ती चुली करायची. चुली कसल्या, देखण्याच! पहिल्या बाजारी ती भिवबाला म्हणाली, "दादा, असं ओरडा. सात शिवारांची माती, बारा वेळा मळलेली, एकवीस दिवस सावलीत वाळवलेली, करवंदीच्या काट्यांवर भाजलेली..."

भिवबाने छाती भरून सुरुवात केली. पण वाळवण्यापर्यंत पोचता पोचताच त्याला असा ठसका लागला, की लोक चुली बघायचं सोडून त्याच्यासाठी पाणी आणायला धावले. चूल एकही खपली नाही.

दुसऱ्या बाजारी गोजराने ओळ आखूड केली. "त्रिभुवनात अशी चूल नाही!" झकास की नाही? पण त्या दिवशी त्रिभुवनात तशी वहाण नव्हती, तशी केरसुणी नव्हती आणि तसा गूळही नव्हता. सगळ्यांची ओळ तीच! कुणी मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही.

तिसरा बाजार आला. आज काही विकलं नाही तर जागा जाणार, आणि जागा गेली की पोट कशावर भरायचं? शेजारचा रेवडीवाला तर सकाळपासूनच तिची जागा पावलांनी मोजत होता. मेल्याला धीर म्हणून नव्हता!

मग गोजराने मनाचा हिय्या केला आणि भिवबाच्या कानात ओळ सांगितली. भिवबाचे डोळे विस्फारले. तरी तो ओरडला, "या चुलीवर दगडसुद्धा शिजतो हो!"

काय सांगू, अर्धा बाजार लोटला! गोजराला आनंदाने काय करू नि काय नको असं झालं.

तेवढ्यात गर्दीतून पुतळाआजी पुढे आली. ही आजी पंचक्रोशीत प्रसिद्ध होती, कारण कुणी काही बोललं की ती ते खरं धरून बसायची. तिने कमरेला खोचून आणलेला एक दगड काढला, गाडग्यात घातला, वर पाणी ओतलं आणि चुलीपुढे फतकल मारली.

"पेटव गं पोरी. दात नाहीत मला, जरा मऊच शिजव."

लोक खो खो हसले. गोजराचं तोंड एवढंसं झालं. दुपार झाली. पाणी आटलं की आजी पुन्हा ओतायची, डावाने दगड ढवळायची, बोटाने चेपून बघायची. हळूहळू गर्दी पांगली. आता ही म्हातारी चारचौघांत आपल्याला खोटं पाडणार, या विचाराने गोजराला रडू यायला लागलं.

उन्हं कलायला आली तशी आजी उठली.

"नाही गं शिजला दगड."

"चुकलं माझं, आजी. लोक यावेत म्हणून बोलले मी."

"ते राहू दे. मला सांग, ओली लाकडं घातलीस, मी दिवसभर इथे बसले, आणि एकदाही डोळ्याला पदर लावला नाही. हे कसं काय?"

"ते होय? चुलीला मागून बोटभर भोक ठेवलंय. धूर मागे जातो. आईचे डोळे धुराने लाल व्हायचे, मला बघवायचं नाही, म्हणून लहानपणीच तिला तशी करून दिली होती. एवढ्याशा भोकाचं काय सांगायचं?"

आजीने कपाळावर हात मारला. "अगं वेडे, दगड शिजवायला कोण आलंय बाजारात? डोळे मात्र घरोघर चुरचुरतायत!"

गोजरा तशीच वेशीकडे पळाली. भिवबा दुसरी फेरी सुरूच करत होता. तो ओरडला, "दिवसभर रांधा, डोळ्याला पदर लागणार नाही!"

घरी निघालेल्या बायका थबकल्या. एकीने पेटत्या चुलीवर वाकून पाहिलं, मग दुसरीने. डोळे कोरडेच! दिवस मावळायच्या आत गोजराने आणलेल्या साती चुली गेल्या. सातवी पुतळाआजीने घासाघीस करून नेली. रेवडीवाला मुकाट्याने आपल्या रेवड्या मोजत बसला.

जाताना आजीने गाडग्यातला दगड गोजराच्या हातावर ठेवला. अजून गरम होता तो.

"हा जपून ठेव. पुन्हा कधी बढाई मारावीशी वाटली, तर आधी याला शिजव."

तात्पर्य : आपला माल किती थोर आहे हे ओरडू नये, त्याने घेणाऱ्याचा कोणता त्रास सरतो, तेवढं खरं खरं सांगावं.