सगुणाबाईचं नाव

एकदा एका लहानशा गावातल्या ख्रिस्ती मंडळीला शंभर वर्षं पुरी होत होती. त्यानिमित्त चर्चच्या दाराशी एक शिळा बसवावी आणि मंडळीचा पाया घालणाऱ्यांची नावं तिच्यावर कोरावीत, असं ठरलं. यादी करण्याचं काम वृद्ध पाळकांनी आपल्या शिष्याकडे, शांतवनकडे सोपवलं. तीन वर्षं तो त्यांच्या हाताखाली शिकत होता. पाळकपदाची दीक्षा जवळ आली होती. फक्त मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचकमिटीची शिफारस व्हायची बाकी होती.

शांतवनने बाप्तिस्म्याचं जुनं नोंदपुस्तक उघडलं. पहिल्याच ओळीत नाव होतं सगुणाबाईचं. नवऱ्याचं नाव नाही, दोन मुलांना बापाचं नाव नाही, आणि धंद्याच्या रकान्यात स्वच्छ अक्षरात लिहिलेलं : दारू गाळणे. म्हाताऱ्या माणसांनी त्याला पुढचं सांगितलं. पहिल्या उपदेशकाला गावाने दगड मारून हाकललं, तेव्हा याच बाईने त्याला तीन दिवस भट्टीमागे लपवलं. गावातली पहिली प्रार्थना तिच्या झोपडीत झाली.

पंचकमिटीचे अध्यक्ष उजागरे गुरुजी, निवृत्त मुख्याध्यापक, यादी पाहून गंभीर झाले.

"शांतवन, शिळा काय चार दिवसांची असते? बाहेरगावचे पाहुणे येणार. आपली मंडळी दारूवालीपासून सुरू झाली, हे दगडात कोरून ठेवायचं का? तू आपला दुसऱ्या ओळीपासून सुरू कर."

शांतवनच्या डोळ्यांपुढे शिफारशीचा कागद आला. त्याने यादी दुसऱ्या ओळीपासून उतरवून काढली. सगुणाबाईची नात मार्थाबाई दर शनिवारी चर्च झाडायला यायची. त्या शनिवारी तो तिला टाळून मागच्या दाराने निघून गेला.

पाळकांनी यादी वाचली. "सगळी नावं आली?" एवढंच विचारलं.

"हो, साहेब."

"बरं."

दुसऱ्या दिवशी नाताळाआधीचा रविवार होता. पाळक प्रभूची वंशावळ, म्हणजे अब्राहामापासून प्रभूपर्यंतच्या पूर्वजांची नावं, वाचायला उभे राहिले. ती त्यांना मुखोद्गत होती. पण आज त्यांचं वाचन अडखळू लागलं. इसहाकानंतर ते थांबले, याकोब आणि यहूदा गाळून पुढे गेले. सल्मोनाचं नाव घेतलं आणि एकदम इशायावर आले. दावीदाचं नाव तर त्यांनी घेतलंच नाही. आणि मग, वंशावळ संपायच्या आतच, त्यांनी पुस्तक मिटलं. "आपण प्रार्थना करू या," ते म्हणाले. लोक एकमेकांकडे पाहू लागले. साहेबांचं वय झालं, असं शांतवनला वाटलं आणि त्याचा जीव कळवळला.

उपासना संपल्यावर तो त्यांच्याजवळ गेला. "साहेब, आज बरीच नावं सुटली."

"सुटली नाहीत, मी गाळली," पाळक म्हणाले. "तुझ्याच रीतीने. याकोबाने आंधळ्या बापाला फसवलं, तो गेला. यहूदा आणि त्याची सून तामार यांची हकिकत चारचौघांत सांगण्यासारखी नाही, तीही गेली. सल्मोनाची बायको राहाब वेश्या होती, हे सर्वांना ठाऊक आहे. पण तिला काढलं तर तिचा मुलगा बवाज आणि त्याचा मुलगा कुठून राहणार? तेही गेले. दावीदाने दुसऱ्याची बायको आणली आणि तिच्या नवऱ्याला मारवलं. अब्राहामालासुद्धा ठेवावं की नाही, याचा मी रात्रभर विचार करत होतो. आता सांग, उरलेल्या नावांवरून मी प्रभूपर्यंत कसा पोचू?"

शांतवनची मान खाली गेली.

"बाळा," पाळक हळू आवाजात म्हणाले, "ही नावं लिहिणाऱ्याला लपवता आली नसती का? त्याने मुद्दाम लिहिली. देवाने चांगल्या घराण्याची वाट पाहिली नाही. जी माणसं होती, त्यांच्यातूनच तो आला. ज्या मंडळीला आपल्या पूर्वजांची लाज वाटते, ती दाराशी आलेल्या पाप्याला आत ये असं कोणत्या तोंडाने म्हणणार?"

घरी जाऊन शांतवनने नोंदपुस्तक पुन्हा उघडलं आणि या वेळी शेवटच्या रकान्यापर्यंत वाचलं. मग पुस्तक काखेत मारून तो थेट उजागरे गुरुजींच्या घरी गेला.

"गुरुजी, शिफारस करायची की नाही ते तुम्ही ठरवा. पण ही यादी पहिल्या ओळीपासूनच सुरू होईल. आणि हे एकदा बघा."

दुसरी ओळ गुरुजींच्या आजोबांची होती. 'मंडळीत कोणी आणले' या शेवटच्या रकान्यात लिहिलं होतं : सगुणाबाईने. तिसऱ्या ओळीतही तेच, चौथीतही तेच.

गुरुजींनी चष्मा काढून पुसला.

"आजोबा तिच्याकडे प्यायला जायचे," ते म्हणाले. "आमच्या घरात हे कोणी बोलत नाही. एके दिवशी ते तिथे गेले, तर तिने मडकी फोडून टाकलेली होती आणि ती प्रार्थनेला बसली होती. तेही शेजारी बसले." त्यांनी पुस्तक शांतवनकडे सरकवलं. "लिही. पहिल्या ओळीत लिही. अक्षर जरा मोठं असू दे."

शिळा बसली त्या दिवशी पाहुणे जेवायला गेल्यावर मार्थाबाई शिळेसमोर एकटीच उभी होती. तिला वाचता येत नव्हतं.

"यातलं आमच्या आजीचं कोणतं रे?" तिने विचारलं.

शांतवनने तिचा हात धरला आणि तिचं बोट सर्वांत वरच्या नावावर ठेवलं.