सोन्याचा कर्णा

एका राज्यात उजाडलं की बुरुजावरून ललकारी उठे, "तळं भरलं, कणग्या भरल्या, सर्व कुशल." ललकारी देई रायाजी भालदार. हातात सोन्याचा कर्णा, पाठ नगराकडे. तशी रीतच होती. कर्णा एका जादूगाराने राजाच्या पणजोबांना दिलेला. त्यातून जे ओरडावं, ते लोकांना दिसे.

एके सकाळी रायाजीने आपल्या लेकीला, वेणूला, सूर्य दाखवायला उचललं आणि तो चपापला. गाल गुबगुबीत, पण वजन वाळक्या काटकीएवढं.

"जेवलीस ना, बाळ?"

"जेवले की, बाबा. पोट भरलंय."

कठड्यावरची साळुंकी म्हणाली, "भालदार, तुझे डोळे कर्ण्याचे चाकर झालेत. हात अजून तुझे आहेत. डोळे मिटून तीन ठिकाणी हात लाव. तळ्याला, कणगीला, लेकीला."

रायाजीने डोळे मिटून तळ्यात हात घातला. भेगा लागल्या. कणगीत घातला. भुसा लागला. वेणूच्या पाठीवरून फिरवला. मणका न् मणका मोजता आला. डोळे उघडले, तर पुन्हा सगळं भरलेलं. हात खोटा की डोळे? भ्रमिष्टासारखा तो दरबारात गेला आणि हाताला लागलं ते त्याने राजाला सांगितलं.

राजा म्हणाला, "सर्व कुशल आहे. तूच तर रोज सांगतोस."

"मग महाराज, अंगठीला दोरा का गुंडाळलाय?"

"सैल होते. राजवैद्य म्हणतात, सोनं हल्ली फुगतं."

दरबारी माना डोलवू लागले. त्यांच्याही अंगठ्यांना दोरे होते.

"कर्ण्यातून वेगळं काही बोललास, तर मान उतरवीन," राजा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी रायाजी नगराकडे तोंड करून उभा राहिला. खाली तळं काठोकाठ चमकत होतं. त्याला काहीच कळेना. त्याने डोळे मिटले, शेजारी उभ्या वेणूच्या पाठीवर हात ठेवला आणि हाताला जे कळलं ते ओरडला, "तळं आटलं. कणग्या रित्या. आपण उपाशी आहोत."

कर्णा तडकला. पाणी विरलं.

"कालपर्यंत सुखात होतो, मेल्या," खालून कुणी ओरडलं.

राजा तलवार उपसून बुरुजावर धावला. तलवार उगारताच दोरा तुटला, अंगठी गळून पायऱ्यांवरून घरंगळत गेली. राजा आपल्या काटकुळ्या बोटाकडे बघत राहिला. मग त्याने तलवार खाली ठेवली.

दुपारपर्यंत राजाचे दागिने घेऊन गाड्या शेजारच्या राज्यात धान्य आणायला निघाल्या. तळ्यात कुदळी पडू लागल्या.

"बाबा, भूक लागलीय," वेणू म्हणाली. कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच.

धान्य आलं, वेणू जगली. ललकारी आजही उठते. मात्र भालदार आधी तळ्यात उतरून येतो.