सुईतली माणसं

एक होतं बंदर. त्या बंदरावर एक नियम होता. होकायंत्राच्या नव्या सुईवरून चुंबकदगड हजार वेळा फिरवायचा. एकही कमी नाही. का, ते विचारायचं नाही.

तिथे गोमी नावाची मुलगी राहायची. तिचे कान असे तिखट, की मुंगी चालली तरी ऐकू यायची, बरं का!

एकदा काय झालं, दाट धुकं पडलं. गोमीच्या बाबाची होडी उत्तरेच्या खडकावर फुटली. पोहत आलेल्या सोबत्यानं सांगितलं, बाबा खडकावरच अडकलाय. भरती आली की खडक बुडणार. दुसरी होडी तयार होती, पण तिची सुई चुलीत पडून निकामी झालेली. धुक्यात उत्तर सापडणार कशी?

मग गोमीनं आईची शिवणाची सुई घेतली. दगड एकाच दिशेनं फिरवायचा, उचलायचा, पुन्हा फिरवायचा. बंदरावरचे म्हातारे मोजू लागले.

शंभर झाले. गोमीनं सुई कानाला लावली. आत इवली इवली माणसं भांडत होती!

"आम्ही पूर्वेलाच बघणार!"

"आम्ही दक्षिणेला!"

"अरे, उत्तरेला वळा," एक घोळका ओरडत होता, "एका पोरीचा बाप बुडतोय!"

मग शेजारचे एकेक जण त्या घोळक्यात येऊ लागले. कट्, कट्.

दोनशे झाले. आता घोळकेच्या घोळके वळत होते. कडाड कट्!

तीनशे झाले. सुईत एकच हट्टी म्हातारा उरला होता. तोही कुरकुरत वळला. मग गोमीनं दगड आणखी दहादा फिरवला. आत काही हललं नाही. तिनं दगड खाली ठेवला.

मोजणाऱ्यांतला झिपर तांडेल, होडीवाल्यांचा म्होरक्या, खेकसला, "ए पोरी, अजून किती राहिले!"

"आबा, सुई भरली. आत वळायला कुणी उरलंच नाही. आता लाख वेळा घासा, जोर एवढाच राहणार."

"नियम आहे!"

"आणि तिकडे माझा बाबा आहे! मी नाही घासणार."

तिनं वाटीतल्या पाण्यात पान सोडलं, पानावर सुई ठेवली. सुई गर्रकन फिरली आणि बंदराच्या उत्तरेच्या बुरुजाकडे बघत थांबली. म्हाताऱ्यांनी ती वाटी होडीत ठेवली. होडी सुटली.

भरतीच्या आधी बाबा घरी आला. गोमीनं सुईला हात जोडले. "तुम्ही माझ्या बाबाला ओळखतही नव्हतात, तरी सगळे वळलात."

मग सगळे पोटभर जेवले, सुखानं राहिले. म्हातारेसुद्धा, गप्प बसून. चला, मिटा डोळे.