ओल्या मुठीची साक्ष

भाद्रपदातल्या एका दिवसाचा तिसरा प्रहर होता आणि पाऊस नुकताच उघडला होता. अशा वेळी शिरीषपुरातल्या मूठकारांच्या आळीची दोन्ही तोंडे राजाच्या शिपायांनी भाले आडवे धरून बंद केली.

पूर्वी या शिरीषपुरात उदयसेन नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व मूठकारांच्या कुळात जन्मला होता आणि वय झाल्यावर त्या आळीचा मुख्य झाला होता. लहानथोर त्याला आबा म्हणत. लोहारांनी घडवलेल्या सुऱ्यांना ही माणसे सांबराच्या शिंगाच्या, हाडाच्या, शिसवीच्या मुठी बसवीत. मूठ आधी खरवतीच्या खरखरीत पानांनी घासायची, मग बिब्ब्याचे तेल चोळून काळी करायची, उन्हात मुरू द्यायची आणि शेवटी मेणाचा हात द्यायचा. बिब्बा कच्चा राहिला तर अंगावर उततो, कातडीवर फोड येतात. म्हणून आळीची एक रीत होती. तयार झालेली मूठ करणाऱ्याने आधी स्वतःच्या दंडाला आतल्या बाजूने बांधायची. दुसऱ्या दिवशी कातडी स्वच्छ दिसली तरच ती सुरी परक्याच्या हाती जाई. याला ते साक्ष म्हणत.

दंडनायकाने आळीच्या मधोमध उभे राहून राजाज्ञा सांगितली. युवराज शिकारीहून परतले ते हात सुजलेले, तळव्यावर फोड आणि डोळे मिटलेले, असे. नवी सुरी हातात घेतल्यावर हे झाले. राजवैद्य म्हणतात विष.

"त्या सुरीची मूठ ज्याने काळी केली त्याला सूर्यास्ताच्या आत माझ्या हवाली करा. त्याचा उजवा हात तोडला जाईल. कोणी पुढे आले नाही, तर आळीतल्या प्रत्येकाचा."

मग घराघरांतून घासण्याचा आवाज येऊ लागला. बिब्ब्याचा डाग लवकर जात नाही, आणि इथे प्रत्येकाची बोटे काळी होती. कोणी राखेने घासली, कोणी चुन्याने. शेवटी माणसांनी खरवतीची पाने उचलली आणि मूठ घासावी तशी आपली बोटे घासली. डाग राहिले आणि रक्त आले. शिपाई दार ढकलीत तेव्हा आत त्यांना रक्ताळलेले हात पाठीमागे लपवून उभी असलेली माणसे दिसत. ज्यांनी काही केले नव्हते, तेच सर्वांत अपराधी दिसू लागले.

ती मूठ उत्पला नावाच्या तरुण बाईने काळी केली होती. तिची मुलगी अजून अंगावर पीत होती. मुलीला छातीशी धरून ती बोधिसत्त्वाच्या ओसरीवर आली.

"आबा, मूठ ओली होती. मी सांगितलं त्यांना, साक्ष व्हायची आहे म्हणून."

"कोणाला सांगितलंस?"

"राजवाड्याची पालखी आली होती. पडदा काही उघडला नाही. आतून म्हणाले, युवराजांची शिकार तुझी मूठ वाळेपर्यंत थांबेल होय गं? आणि भोयाने सुरी हातातून ओढून नेली."

शेजारचा मंडूक ऐकत होता. तो म्हणाला, "मग सांगून टाका ना हिचं नाव! एका हातावर भागेल."

"तुमचा द्या की," त्याची बायको म्हणाली. "तसाही तो जेवायलाच लागतो."

कोणी हसले नाही. मंडूक वाईट माणूस नव्हता. तो भ्याला होता.

दंडनायकाने बोधिसत्त्वाला बाजूला घेतले आणि आवाज मऊ केला. "आबा, तुम्ही शहाणे आहात. नुसते बोट दाखवा. उद्यापासून राजवाड्याच्या सगळ्या सुऱ्या तुमच्याच घरी येतील."

"जे सांगायचं ते महाराजांसमोर सांगेन," बोधिसत्त्व म्हणाला.

दरबारात पडद्यामागून युवराजाचे कण्हणे ऐकू येत होते. राजाने विषाच्या भीतीने आपले हात उपरण्यात गुंडाळून घेतले होते. सकाळपासून त्याने पाण्याच्या पेल्यालाही हात लावला नव्हता.

"महाराज, हे विष नाही," बोधिसत्त्व म्हणाला. "कच्चा बिब्बा उतला आहे. तीळ आणि खोबरं वाटून लेप द्यावा."

दंडनायक हसला. "म्हातारा आपली माणसे वाचवतो आहे. साक्ष देशील का रे? पण तुझ्या हातांना तर बिब्ब्याची सवय!"

"हातांना आहे. गळ्याला नाही."

त्याने युवराजाचीच सुरी मागितली. पाते उपटून बाजूला ठेवले आणि ती दमट काळी मूठ उपरण्याने आपल्या गळ्याला बांधली. "विष असेल तर मी मरेन. मी जगलो, तर युवराजही जगतील. तोवर आळीतला एकही हात तुटू नये."

राजवैद्य पुढे झाला. "अरे, गळा सुजला तर श्वास अडेल."

बोधिसत्त्वाला ते ठाऊक होते. तोही भ्याला होता आणि सगळ्या दरबाराला ते दिसत होते. पण त्याने गाठ सोडली नाही.

सूर्य उगवला तेव्हा त्याची मान कानांपर्यंत सुजली होती, कातडीवर फोडांची रांग होती आणि श्वासाला शिटीसारखा आवाज येत होता. तो जिवंत होता. वैद्याने एकाच वाटीतला लेप दोघांना लावला. संध्याकाळी युवराजाने डोळे उघडून पाणी मागितले. राजाने आज्ञा मागे घेतली आणि स्वतःच्या हाताने पेला उचलला.

मग त्याने विचारले, "मूठ ओली असताना ती आणवली कोणी?"

सगळे जमिनीकडे पाहू लागले. अख्खी आळी घडीभरात पालथी घालणारा दंडनायकही पाहू लागला. पालखीखाना दरबाराच्या भिंतीपलीकडेच होता. तिकडे तो गेला नाही.

ही कथा भिक्षूंच्या सभेत सांगून भगवान शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा राजा म्हणजे आजचा भिक्षू कोरंडक, जो सापाच्या भीतीने दिवा विझू देत नाही. दंडनायक म्हणजे आपला विहारपाल वज्जिय. आजही मडके फुटले की तो आधी दुबळ्यालाच जाब विचारतो. उत्पला म्हणजे भिक्षुणी सोमदत्ता, आणि मूठकारांचा मुख्य मीच होतो. भ्यालेल्यांना अभय देणे, तेही स्वतः भ्यालेले असताना, हे मोठे दान आहे."

एका भिक्षूने विचारले, "भगवन्, आणि पालखीतला माणूस?"

शास्त्यांनी सभेवरून एकदा दृष्टी फिरवली. "तोही आज इथेच बसला आहे," ते म्हणाले. कोणीही पुढे आले नाही.