अंबरखाडीची काळी पायरी

अंबरखाडीच्या हबशी मोहल्ल्यातल्या शाळेला चार पायऱ्या आहेत. वरच्या तीन जांभ्याच्या, लालभडक. सर्वांत खालचीही जांभ्याचीच, पण काळीकुट्ट. पाहुणा कितीही मोठा असो, शाळा सांभाळणारे दाऊदचाचा त्याला तिच्यावर उभे करून तोटीच्या भांड्याने हातांवर पाणी घालतात आणि मगच आत सोडतात. पाहुण्यांना वाटते, काय हे अगत्य! अगत्यबिगत्य काही नाही. हात धुतल्याशिवाय मुलांना हात लावायचा नाही, एवढाच त्याचा अर्थ.

चाचा सांगतात ती गोष्ट त्यांच्या आजीच्याही आधीची. मोहल्ल्यातल्या हलिमाबीने म्हणे घरोघरच्या म्हाताऱ्यांपुढे बसून वाडवडिलांची नावे उतरवून घेतली. समुद्रापलीकडून कोण आले, कोण किल्ल्यावर तोफेपाशी उभे राहिले, कोणाला बाजारात विकले. त्याच वहीवरून ती चिंचेखाली मुलांना वाचायला शिकवी, कुणाकडून छदामही न घेता. छप्पर तेवढे नव्हते. पावसाचे चार महिने शाळा बंद राही आणि तेवढ्यात मुले अक्षरे विसरून जात.

अशात शहरातले एक बडे गृहस्थ छप्पर घालून द्यायला तयार झाले. अट एकच, मुलांनी त्यांच्यापुढे नाचावे. तेही तिने गिळले. पण ठरल्या दिवशी त्यांचा कारभारी आधी येऊन मुले निरखू लागला, बाजारात बैल निरखावा तसा. म्हणाला, ही तर गव्हाळ दिसतात, साहेबांना खरे हबशी दिसले पाहिजेत. आणि त्याने काजळीचे मडके पुढे सरकवले. किळस यावी असाच तो प्रकार. त्याहून किळसवाणे हे, की छपरासाठी हलिमाबीने त्या मडक्यात हात घातला.

पहिली पुढे आली तिची भाची जैतून. दोन्ही गाल माखून झाल्यावर पोरीने शांतपणे विचारले,

"खाला, माझ्या पणजोबांचं तोंड असं होतं?"

 हलिमाबीने ओढणीने पोरीचे तोंड पुसले आणि साहेब येताच ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"नाच नाही. ऐकायचं असेल तर मुलं वाचून दाखवतील."

साहेब खाली बसलेही नाहीत. छपराचे वासे आल्या गाड्यांतून परत गेले.

जैतूनचे गाल स्वच्छ झाले, हलिमाबीचे तळवे मात्र नाही. रिठा झाला, राख झाली, वाळूने घासून कातडी सोलली; काजळी तशीच. त्या हाताने घास उचलताना तिला मळमळे, असे सांगतात. शेवटी तिने शपथ घेतली, जैतून सगळी वही वाचील त्या दिवशीच हे हात पाण्याखाली धरीन. तीन वर्षे लागली. पावसात कधी गोठ्यात, कधी उपड्या होडीखाली बसून पोर शिकली. ती शेवटच्या नावापर्यंत न अडखळता पोचली, त्याच दिवशी मोहल्ल्याने स्वतः बांधायला घेतलेल्या शाळेची पहिली पायरी बसली होती. तिच्यावर उभे राहून जैतूनने खालाच्या हातांवर पाणी ओतले. काजळी सुटली आणि त्या चिऱ्यात मुरली.

आजही ती पायरी घासून लाल होत नाही. आजही वही आत आहे आणि मुले ती पाहुण्यांना वाचून दाखवतात. परवा एका बाईंनी दोन नावे ऐकली न ऐकली तोच मोबाईल काढून विचारले, मुले जरा नाचून दाखवतील का?  दाऊदचाचांनी बाईंना पुन्हा खालच्या पायरीवर नेले आणि भांडे भरून आणले.