कोणी उरले का?

एका राज्यात अशी रीत होती, की प्रजेच्या आधी राजाने जेवायचे नाही. रोज सूर्य मावळताना राजा सज्जात येई आणि विचारी, "औषधावाचून कोणी उरले का?" पणजोबांनी ताम्रपटावर तसे कोरून ठेवले होते: शेवटचा रोगी औषध घेऊन घरी गेला, की मगच राजाचे ताट वाढावे.

प्रधान म्हणे, "कोणी उरले नाही, महाराज." राजा जेवायला बसे.

पण ताम्रपट कोरणारा मांत्रिक होता. कोपऱ्यात त्याने एक बारीक ओळ कोरली होती: राजाच्या प्रश्नाला खोटे उत्तर मिळेल, तेव्हा तेव्हा वैद्यशाळेतला औषधाचा एक रांजण दगडाचा होईल. ती ओळ कोणी वाचली नाही. राजवैद्याने दगडांच्या तोंडाला फडकी बांधली आणि तो गप्प बसला. शंभर रांजणांतले दोन उरले.

त्या राज्यात तुळसा नावाची बाई होती. तिची तान्ही लेक तापाने फणफणली. वैद्य म्हणाला, "पहिलटकरीण ना? तुम्ही शिंकेलाही घाबरता. उद्या या." दुसऱ्या दिवशी कोतवाल म्हणाला, "वैद्यांची मुद्रा आणा." तिसऱ्या दिवशी प्रधान म्हणाला, "आणि कोतवालांची कुठे आहे?"

तुळसा वैद्यशाळेच्या पायरीवर बसली. आपणच उगाच घाबरतो की काय, असे तिला वाटले. मग तिने लेकीच्या कपाळाला हात लावला, आणि तसे वाटेनासे झाले.

वळचणीची साळुंकी बोलली. तिने दगडांची सारी हकिकत सांगितली आणि म्हणाली, "राजाला तीन खरी उत्तरे दे. शाप उतरेल."

"तीनच?"

"तीनच. अजून कोणाला जमली नाहीत."

मावळतीला तुळसा सज्जाखाली उभी राहिली. राजाने विचारले, "कोणी उरले का?"

प्रधानाने तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "मी उरले, महाराज. माझी लेक उरली."

"एक," साळुंकी म्हणाली.

राजा खाली वाकला. "लेक कशी आहे, बाई?" त्याने मायेने विचारले.

"बरी आहे," तुळसा म्हणून गेली.

वैद्यशाळेत धाडकन आवाज झाला. आता एकच रांजण उरला.

"हे धरले नाही," साळुंकी म्हणाली.

तुळसाने जीभ चावली. "चुकले, महाराज. बरी नाही. सकाळपासून ती अंगावर प्यायली नाही. आता रडतसुद्धा नाही."

"दोन."

"मग आधी खोटे का बोललीस?" राजाने विचारले.

"सवय, महाराज. मोठ्या माणसाने विचारले, की बरे आहे म्हणावे, असे आम्हाला लहानपणीच शिकवतात. तुमच्या प्रधानांनाही तेच शिकवले असेल."

"तीन," साळुंकी म्हणाली आणि उडून गेली.

नव्व्याण्णव दगड तडकले. फडकी आतल्या औषधाने ओली झाली.

राजा म्हणाला, "मी रोज विचारले; उतरून पाहिले कधीच नाही. पहिले खोटे माझे." आणि तो जिना उतरला. प्रधान, कोतवाल, वैद्य मागून आले. वैद्याने पहिला पेला तुळसाच्या हाती दिला. उरलेल्यांची रांग वेशीपर्यंत होती. राजाचे ताट तिसऱ्या दिवशी वाढले गेले.

तेव्हापासून राजा तो प्रश्न वैद्यशाळेच्या पायरीवर उभा राहून विचारतो, आणि उत्तर प्रधान देत नाही, रांग देते.

चौथ्या दिवशी शेजारणीने कुंपणावरून विचारले, "तुळसे, लेक कशी आहे गं?"

तुळसाने आधी लेकीच्या कपाळाला हात लावला. थोडा वेळ तसाच ठेवला.

मग म्हणाली, "बरी आहे."