भागो गुरवाचा उलटा कौल

फार वर्षांपूर्वी, आमच्या खाडीला पूल नव्हता तेव्हा, आंबेखोलच्या देवळात भागो गुरव देवीला कौल लावायचा. मूर्तीच्या दोन्ही खांद्यांना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि विचारायचं. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही.

एका हिवाळ्यात गावची गुरं मरू लागली. गाव म्हणालं, नवी आलेली सुंदरा कुंभारीण अपशकुनी. तिला घालवायची का? सकाळी कौल लावला. उजवी पडली. आठ दिवसांत गाव सोड, असं तिला सांगितलं.

भागोला अन्न गोड लागेना. तो रोज सकाळी पाकळ्या लावायचा, काही न विचारता बघत बसायचा. रोज उजवीच पडायची.

आठव्या दिवशी सकाळी गाव जमलं. भागोने कौल लावला आणि म्हणाला, "आई, सुंदरा राहावी असं तुझ्या मनात असेल तर उजवी दे."

उजवी पडली.

गावचे मानकरी थोरले गावकर ओरडले, "देवीची परीक्षा घेतोस होय रे?"

"कौल म्हणजे तरी काय, गावकरांनू? विचारणंच ना?"

"मग देवी खोटी?"

"आई कशी खोटी? त्या झरोक्यातून सकाळचं ऊन उजव्या खांद्यावर येतं, उजवी आधी सुकते. आपण उन्हाला विचारलं आणि आईच्या नावावर घातलं."

मागून सुंदरा म्हणाली, "मग माझी मडकी बांधू की सोडू, ते तरी सांगा!"

भागोने खांद्यावरचा पंचा झरोक्याला लावला. नव्या पाकळ्या चिकटवल्या. हात जोडून म्हणाला, "आई, आमचं आम्ही शोधू का?"

असं म्हणतात, बोल संपायच्या आत दोन्ही पाकळ्या एकदम पडल्या, आणि बिनफुलांच्या रानात सोनचाफ्याचा वास सुटला. त्या वासामागून माणसं ओढ्याने वर गेली. वरच्या डोहात वाखासाठी भिजत घातलेले अंबाडीचे भारे कुजत होते, पाणी काळं झालं होतं. तेच पाणी गुरं पीत होती. भारे थोरल्या गावकरांचे. त्यांनी स्वतः पाण्यात उतरून ते ओढून काढले, आणि सुंदराची मडकी स्वतःच्या हातांनी सोडली.

भागो म्हातारा होऊन गेला. असं म्हणतात, त्याच्या चितेवरही दोन पाकळ्या पडल्या.

अजून आंबेखोलला कौल दोनदा लावतात, एकदा सुलटा, एकदा उलटा. झरोक्याला पंचा असतो. आणि त्याआधी गुरव विचारतो, "कुणाला शंका आहे?" जो हात वर करतो, त्याला पहिला प्रसाद. बहुतेक वेळा तो हात एखाद्या लहान पोरीचा असतो.